दीड किलोमीटरची हद्द

गोल्फच्या मैदानावर, तिसऱ्या होलच्या चढावर ढकलगाडीची चाकं जाम झाली.

सुवर्णा पिसाळांना आधी वाटलं, दगड आडवा आला असेल. त्यांनी वाकून पाहिलं. गवत बेताचं कापलेलं होतं, दगडाचं नाव नव्हतं. तेवढ्यात गाडीच्या मुठीवरची बारीक पट्टी लाल झाली आणि गाडी बोलू लागली. आवाज अगदी मऊ, समजूत घालणारा.

"आपले आजचे दीड किलोमीटर पूर्ण झाले आहेत. कृपया आहात तिथेच थांबा. बग्गी येत आहे."

"कुणी बोलावलीय?" सुवर्णाबाईंनी विचारलं.

गाडीने तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

पाच मिनिटांत बिनचालकाची पांढरी बग्गी उतारावरून आली आणि त्यांच्यापाशी थांबली. सुवर्णाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग हिरव्या झेंड्याकडे पाहिलं. गोल्फची पिशवी त्यांनी जाम झालेल्या गाडीवरच राहू दिली. तिच्यातून पाच काठ्या काढल्या, खिशात तीन चेंडू कोंबले आणि चालू लागल्या. बग्गी त्यांच्या मागोमाग निघाली. त्या थांबल्या की ती थांबायची, त्या निघाल्या की निघायची, आणि दर दोन मिनिटांनी "कृपया बसा" म्हणायची. नवव्या होलपर्यंत अशी वरात गेली. बाजूच्या होलवरचे लोक खेळायचे थांबून बघत होते. कुणीतरी हसलं. सुवर्णाबाईंनी नवव्यावर शेवटचा चेंडू खड्ड्यात घातला, तो काढला आणि बग्गीच्या रिकाम्या आसनावर ठेवला.

"याला घेऊन जा," त्या म्हणाल्या.

हे घडलं तेव्हा त्या सदुसष्ट वर्षांच्या होत्या. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. साताऱ्याच्या डोंगरकपारीत असं गाव नसेल जिथे त्यांनी हद्दीचा दगड शोधत दिवस घालवला नाही. ठोसेवाडीच्या पठाराची मोजणी ही त्यांची नोकरीतली शेवटची मोठी मोजणी. पूर्वी त्या पठारावर पवनचक्क्या होत्या. त्या जुन्या झाल्या, उतरवून नेल्या, आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर आसपासच्या गावांच्या संस्थेने गोल्फचं मैदान केलं. मोजणी चालू असताना एकदा तिथल्या प्रशिक्षकाने गंमत म्हणून बाईंच्या हातात काठी दिली. चेंडू उडाला. "किती गेला असेल?" त्याने विचारलं. "एकशे दहा मीटर," बाई नुसत्या नजरेने मापून म्हणाल्या. मोजला तर एकशे बारा भरला. निवृत्त झाल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी वर्गणी भरली.

खेळात त्या साधारणच होत्या. त्यांना आवडायचं ते चालणं. कागदावर मैदान पाच हजार सहाशे मीटरचं होतं, पण चेंडू कागदावरून जात नाही. तो डावीकडे कारवीत शिरतो, उजवीकडे पवनचक्कीच्या जुन्या जोत्याला आपटून मागे येतो. अठरा होलचे बाईंचे दर वेळी नऊ किलोमीटर तरी व्हायचे. ते सगळे त्यांनी वहीत लिहून ठेवले होते. तारीख, वारा, अंतर. नऊ वर्षांच्या वह्या.

आणि मग ती मूठ आली.

मुठीचं विज्ञान समजायला अवघड नाही. माणूस चालतो तेव्हा त्याची दोन पावलं कधीच तंतोतंत सारख्या वेळाने पडत नाहीत. निरोगी माणसात हा फरक अगदी थोडा असतो, शंभराला दोन-तीन. मेंदूतला ताल बिघडू लागला की तो वाढतो. माणसाला स्वतःला कळायच्या कितीतरी आधी वाढतो. ढकलगाडीच्या मुठीत दाब मोजणारे तंतू होते, चाकात फेरे मोजणारी चकती होती. गाडी ढकलणारा माणूस दर पावलाला मुठीवर किंचित रेलतो, किंचित सुटतो, त्यावरून त्याचं प्रत्येक पाऊल टिपलं जायचं. पकडीतला सेकंदाला चार-पाच वेळा येणारा सूक्ष्म कंपही टिपला जायचा. अशी लाखो माणसांची कोट्यवधी पावलं एका संगणकी प्रणालीला शिकवली होती. त्यावरून ती सांगायची, हा माणूस येत्या दीड वर्षात पडण्याची शक्यता किती.

शक्यता साठ टक्क्यांच्या वर गेली की पट्टी लाल. लाल पट्टीला दिवसाला दीड किलोमीटर. ही अट विमा कंपनीची होती, आणि विम्याशिवाय मैदान उघडं ठेवता येत नव्हतं. मैदानंच कशाला, गावोगावच्या बागांत, चालण्याच्या मार्गांवर, मंदिरांच्या पायऱ्यांवरसुद्धा हीच यंत्रणा येऊ घातली होती. नाव होतं 'पदवेध'.

सुवर्णाबाईंची शक्यता एकाहत्तर टक्के निघाली होती.

पदवेधचं गणित पुण्यात ज्या सहा जणांनी बसवलं होतं, त्यांतली एक होती केतकी पिसाळ. सुवर्णाबाईंची एकुलती एक मुलगी.

"आई, तू गाडी टाकून चालत गेलीस?" संध्याकाळी केतकीचा फोन आला.

"तुला कुणी सांगितलं?"

"गाडीनं. मर्यादा मोडली की आमच्याकडे नोंद येते. त्यावर नाव नसतं, पण ठोसेवाडीवर सदुसष्ट वर्षांची बाई दुसरी कोण आहे?"

"मग नोंदीत हेही लिही, की बाईला काही झालं नाही."

"आज झालं नाही," केतकी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सुवर्णाबाई दिलावर मुलाणींकडे गेल्या. दिलावरभाई एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले मेकॅनिक, आणि सहा वर्षं त्यांचे खेळातले जोडीदार. त्यांची पट्टी आठ महिन्यांपूर्वी लाल झाली होती. सरळमार्गी माणूस, मशीन सांगतंय म्हटल्यावर त्यांनी मानलं. आधी दीड किलोमीटर, मग बग्गीतून खेळण्यात मजा नाही म्हणून घरीच.

दार रेहानाभाभींनी उघडलं. "या ताई. उठवते त्यांना."

"झोपलेत?"

"नाही. बसलेत. पण उठवावं लागतं आता."

दिलावरभाई खिडकीपाशी खुर्चीत होते. सहा फुटी माणूस खुर्चीत मावत नसे. आता खुर्ची मोठी वाटत होती. मांड्या पार वाळल्या होत्या. खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन ते उठू लागले, तीन वेळा मागे बसले, चौथ्यांदा उभे राहिले.

"तीनदा पडलो, मॅडम," ते हसत म्हणाले. "दोनदा मोरीत, एकदा उंबऱ्याला. मशीन खरं बोललं बघा."

"मैदानावर किती वेळा पडला होतात?"

दिलावरभाईंनी आठवून पाहिलं. "मैदानावर? एकदाही नाही."

सुवर्णाबाईंना नोकरीतली एक गोष्ट आठवली. जमीन मोजताना एक चूक फार पाहण्यात यायची. कुणीतरी जुना दगड चुकीच्या जागी रोवलेला असतो. पुढचा मापक त्याच दगडावरून मोजतो, आणि म्हणून त्याचं माप जुन्या मापाशी बरोब्बर जुळतं. दोघांचंही चुकलेलं असतं आणि दोघांनाही वाटतं, ताळा बसला.

"दिलावरभाई," त्या म्हणाल्या, "मला एक ढकलगाडी बनवून द्याल? साधी. न बोलणारी."

त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. "चाकं कसली लावू?"

"तुम्ही सांगा."

"सायकलची लावू. मागं दोन, पुढं एक. ब्रेक हातात द्यावा लागेल, उतार आहेत तिकडं." ते भिंतीला धरून दाराकडे निघाले होते. "रेहाना, माळ्यावरचं पान्यांचं खोकं कुठंय?"

गाडी तयार होत होती त्या आठवड्यात सुवर्णाबाई डॉक्टर शुभांगी बर्गेंकडे गेल्या. बर्गे मेंदूविकारांच्या डॉक्टर, बोलायला तोडून टाकणाऱ्या. त्यांनी बाईंना चुटक्यांसारखी बोटं आपटायला लावली, खुर्चीतून उठवलं-बसवलं, व्हरांड्यात चालवलं. वास येतो का विचारलं. मग म्हणाल्या, "एक वाक्य लिहून दाखवा."

बाईंनी लिहिलं. स्वतःच्या अक्षराकडे पाहिलं आणि पिशवीतून आपल्या वह्या काढल्या. नऊ वर्षांपूर्वीचं अक्षर ठसठशीत होतं. गेल्या वर्षापासून ओळ उजवीकडे जाताना बारीक होत होती, शेवटी मुंग्यांसारखी. त्यांनी हे आजवर पाहिलंच नव्हतं.

"पार्किन्सन्सची सुरुवात आहे," डॉक्टर म्हणाल्या. "यंत्र चुकलेलं नाही."

बाईंनी वही मिटली. "मग बसू घरी?"

"बसलात तर मी औषध देणार नाही. या आजारात जो चालतो त्याचं बरं चालतं. वेग धरून, हात हलवत, रोज. पडायची शक्यता आहे, म्हणून पडल्यावर उठायचं कसं तेही शिकवते. या, गादीवर आडव्या व्हा."

तासभर त्यांनी बाईंना जमिनीवरून उठायला शिकवलं. कुशीवर वळायचं, कोपर टेकायचं, गुडघा पोटाशी घ्यायचा, मग दुसरा पाय. घाई करायची नाही. शेवटी मैदानाच्या कार्यालयासाठीचा अर्ज भरायची वेळ आली. पडद्यावर तीनच पर्याय होते: पूर्ण विश्रांती, मर्यादित चाल, लागू नाही. डॉक्टरांनी शेऱ्याच्या जागी लिहिलं, 'रोज भरपूर चालावे.' पडद्यावर अक्षरं उमटली: नोंद अवैध.

"बघा," बर्गे म्हणाल्या. "मला 'चाला' म्हणायलाच जागा ठेवलेली नाही."

शनिवारी केतकी पुण्याहून आली. अंगणात सायकलच्या चाकांची गाडी उभी होती. तिने गाडीभोवती एक फेरी मारली, ब्रेक दाबून पाहिला आणि आत येऊन म्हणाली, "आई, हे तू करणार नाहीयेस."

"चहा घे आधी."

"तू पाठवलेला रिपोर्ट मी वाचलाय. तुझं निदान झालंय आणि तू डोंगरावर नऊ किलोमीटर चालणार?"

"डॉक्टर म्हणाल्या चाला."

"डॉक्टरांनी एक पेशंट पाहिला. मी चार लाख माणसं पाहिलीत!" केतकीचा आवाज चढला. मग तो एकदम खाली आला. "बाबा पडले तेव्हा तू ठोसेवाडीला होतीस."

सुवर्णाबाईंनी कप खाली ठेवला. जयसिंगराव न्हाणीघरात पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि तीन महिन्यांनी अंथरुणातच गेले. त्याला पाच वर्षं झाली होती. पडल्यावर ते दोन तास तसेच होते. या गोष्टीबद्दल घरात आजवर कुणी बोललं नव्हतं.

"होते," त्या म्हणाल्या. "बाराव्या होलवर होते. तो दिवस मी रोज मोजते, केतू. म्हणूनच तू हे यंत्र केलंस, हेही मला ठाऊक आहे. त्याचा मला राग नाही."

केतकी रडू लागली होती. बाईंनी तिला रडू दिलं. मग विचारलं, "एक सांग. तुझ्या चार लाख माणसांत असा एक तरी आहे का, ज्याला लाल पट्टी मिळाली आणि तरी तो चालत राहिला?"

"सुरुवातीला होते. मर्यादा यायच्या आधीचे. नुसती पट्टी होती तेव्हा."

"आणि आता?"

"आता सगळ्यांना थांबवतो. तेच तर काम आहे."

"तुमचं भाकीत किती वेळा खरं ठरतं?"

"पहिल्या वर्षी लाल पट्टीतले शंभरात एकतीस पडले. आता चौपन्न पडतात. प्रणाली शिकत गेली, जास्त नेमकी..." केतकी बोलता बोलता थांबली.

"ते चौपन्न कधीपासून झाले? प्रणाली शिकली तेव्हापासून, की तुम्ही माणसं बसवलीत तेव्हापासून?"

केतकीने डोळे पुसले, पर्स उचलली आणि चहा न घेता निघून गेली.

बुधवारी सकाळी फोन वाजला. केतकीचा आवाज बसलेला होता.

"मर्यादा लागू झाली त्या महिन्यापासून आकडा चढतोय. बरोब्बर त्या महिन्यापासून. आणि माणसं पडतायत ती घरात. दहातली आठ घरात. न्हाणीघर, जिना, पलंगाची कड."

"पाय गळतात बसून," सुवर्णाबाई म्हणाल्या. "दिलावरभाईंचे बघ."

"साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, हे सिद्ध होत नाही. कदाचित आता जास्त आजारी लोकांनाच पट्टी मिळत असेल. आणि आई, खरंच सिद्ध होत नाही. सगळ्यांनाच बसवलंय. तुलना करायला चालणारा माणूसच उरला नाही."

"माझ्याशी कर."

"एका माणसावरून काही ठरत नाही, आई."

"ते मला शिकवू नकोस. एका दगडावरून हद्द ठरत नाही. पण मोजणी सुरू करायला पहिला दगड लागतोच."

मग केतकी म्हणाली, "रविवारी मैदानावर स्पर्धा आहे ना? मी येते."

रविवारी पठारावर वारा होता. पहिल्या होलपाशी मैदानाचे सचिव हेमंत भुरके कागद घेऊन उभे होते. मनाने वाईट नव्हते. मैदान चालू राहावं म्हणून विमा कंपनीच्या दारात त्यांनी खेटे घातले होते.

"मॅडम, मैदानाची गाडी घ्या. नाहीतर हमीपत्रावर सही करा. 'माझ्या अविचारी वर्तनाची जबाबदारी माझी.' एवढंच."

"अविचारी शब्द कुणाचा?"

"नमुना वरून आलाय."

"मी दोन पायांवर चालणार आहे, भुरकेसाहेब. त्याला सही कशाला? लहानपणी पहिलं पाऊल टाकलं तेव्हाही कुणाची घेतली नव्हती."

"मग मला अडवावं लागेल."

"अडवा."

त्या गाडी ढकलत त्यांच्या अंगावर निघाल्या. भुरके दोन पावलं मागे सरकले, मग आणखी दोन, आणि शेवटी बाजूला झाले. सदुसष्ट वर्षांच्या बाईला हात लावून थांबवायचं धाडस त्यांना झालं नाही. केतकी आईपासून वीस पावलांवर चालत होती. जवळ यायचं नाही, असं तिला बजावून ठेवलं होतं.

पहिले नऊ होल चांगले गेले. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे बाई मनातल्या मनात ताल मोजत होत्या. चालणं आपोआप व्हायचं ते आता ठरवून करावं लागत होतं. नवव्या होलपाशी झाडाखाली दिलावरभाई खुर्ची टाकून बसले होते, रेहानाभाभी शेजारी. बाई आल्या तसे ते उठले. पहिल्याच प्रयत्नात नाही, दुसऱ्यात.

"ब्रेक कसा लागतोय?"

"उजवीकडे ओढतो."

"द्या इकडं." त्यांनी खिशातून पाना काढला, दोन वेढे फिरवले, आणि गाडीच्या मुठीला धरून दहाव्या होलपर्यंत स्वतः ढकलत नेली. दोनशे मीटर. रेहानाभाभी पदर तोंडाशी धरून मागून चालत होत्या.

चौदाव्या होलवर ते घडलं. तिथे उतार मोठा आहे. गाडी पुढे ओढू लागली, बाईंनी ब्रेक दाबला, आणि त्याच वेळी त्यांचा डावा पाय जमिनीला चिकटला. पाय उचल, असं डोक्यातून सांगितलं. पायापर्यंत ते पोहोचलंच नाही. अंग पुढे गेलं, पाय मागे राहिला. त्या खांद्यावर आदळल्या आणि गवतातून एक कोलांटी खाऊन थांबल्या.

केतकीची किंकाळी त्यांना ऐकू आली. मग बग्गीचं घरघरणं. भुरके तिच्यातून उतरले, तोंड पांढरंफटक.

"पाहिलंत?" ते म्हणाले. "पाहिलंत ना मॅडम? मी काय सांगत होतो? बसा आता. मी हात जोडतो, बसा."

केतकी धावत आली होती. तिने आईच्या काखेत हात घातला.

"सोड," सुवर्णाबाई म्हणाल्या.

"आई..."

"सोड म्हणते ना."

केतकीने हात काढला. बाई तशाच आकाशाकडे बघत पडून राहिल्या. हात हलवून पाहिला, कंबर हलवून पाहिली. कुठे कळ आली नाही. गुडघा सोलवटला होता. त्या कुशीवर वळल्या. कोपर टेकलं. गुडघा पोटाशी घेतला. या एवढ्यालाही किती वेळ लागत होता! भोवती दहा-बारा माणसं जमली होती. एक पाय रोवला. हाताने मांडी दाबली. दुसरा पाय. त्या उभ्या राहिल्या.

"तुमचं भाकीत खरं झालं, भुरकेसाहेब. मी पडले," त्या धापा टाकत म्हणाल्या. "आता हेही लिहा, की उठले. केतू, तुझ्या यंत्रात पडण्याचा रकाना आहे. उठण्याचा आहे का?"

केतकीने मान हलवली. नव्हता.

"मग बाजूला व्हा. माझा चेंडू तुमच्या पायापाशी आहे."

त्या होलवर त्यांचे नऊ फटके झाले. सगळे मिळून एकशे अठरा. स्पर्धेत त्या शेवटून दुसऱ्या आल्या. केतकीने घड्याळावर मोजलेलं अंतर होतं नऊ किलोमीटर दोनशे दहा मीटर.

पुढच्या रविवारी अकरा जणांनी मैदानाच्या गाड्या घेतल्या नाहीत. कुणी पिशवी पाठीला लावली, कुणी दोन-तीनच काठ्या हातात घेतल्या. त्यांतल्या चौघांची पट्टी लाल होती. सात जणांची हिरवी होती आणि तरी ते आले होते. भुरक्यांनी हमीपत्रं पुढे केली. कुणी सही केली नाही. तिसऱ्या रविवारी तेवीस झाले. विमा कंपनीचा माणूस येऊन फोटो काढून गेला. मग संस्थेची बैठक झाली, भांडणं झाली, आणि शेवटी विम्याचा हप्ता जास्त भरून चाकं जाम करणारी कळ काढून टाकायचं ठरलं. पट्टी राहिली. बघायची असेल त्याने बघावी. इतर गावांतल्या बागांमध्ये मात्र अजून कळ आहे, आणि अजून माणसं बसतात.

केतकीला त्या प्रकल्पावरून हलवलं. तिने तीन आठवडे वाट पाहिली, मग राजीनामा दिला. आता ती डॉक्टर बर्गेंबरोबर स्वतःची पाहणी करते. लाल पट्टी असलेली, तरीही चालणारी माणसं. आजवर चौसष्ट सापडलीत. निकाल काय येईल ते ती सांगत नाही. "अजून दोन वर्षं लागतील," म्हणते, "आणि निकाल माझ्या मनासारखा येईलच असं नाही." दिलावरभाई तिच्या यादीत चाळिसावे आहेत. ते अजून नऊच होल खेळतात, आणि त्या दिवसापासून आणखी एकदा पडले. मैदानावर.

सुवर्णाबाईंचा आजार थांबलेला नाही. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, आवाज बारीक झालाय. वहीत त्या आता एका पानावर चारच ओळी लिहितात, मोठमोठ्या. पण दर शनिवारी त्या पठारावर असतात.

गेल्या शनिवारी केतकी पूर्ण अठरा होल त्यांच्याबरोबर निघाली. पहिल्यांदाच. पाहणी करायची तर शेजारून चालत करावी, असं तिने ठरवलं होतं. थंडीचे दिवस, पण उन्हाला चटका होता. दहाव्यापर्यंत ती प्रश्न विचारत होती, टिपून घेत होती. बाराव्यावर प्रश्न बंद झाले. दोघी तिथे थोडा वेळ उभ्या राहिल्या. जयसिंगराव पडले त्या वेळी बाई इथेच होत्या. सोळाव्यावर ती गवतात बसली आणि बूट काढले. दोन्ही टाचांना रुपयाएवढे फोड आले होते.

"आई, किती राहिलं?"

"दोन होल. आठशे मीटर, चेंडू सरळ गेला तर."

"बग्गी बोलावू का?"

"बोलाव की," सुवर्णाबाई म्हणाल्या. त्यांनी खिशातून पाण्याची बाटली काढून तिच्या मांडीवर ठेवली, गाडीचा ब्रेक सोडला, एकदा मनात ताल धरला आणि डावं पाऊल उचललं. "तू बस. मी येते जाऊन."